बिअरच्या जागी काय घालायचं

ज्या माणसानं जन्मात बिअरचा घोट घेतला नाही, त्याला डॉक्टरांनी बिअर सोडायला सांगितली. मला तिथंच, त्या मुंबईच्या डॉक्टरांच्या खोलीत, आधी हसू आलं आणि मग रडू आलं. आमचे हे शेजारच्या खुर्चीत बसले होते. बसले होते म्हणजे काय, शर्ट बसला होता आणि त्या शर्टाच्या आत हे कुठंतरी होते. पट्ट्याला घरी खिळ्यानं भोकं पाडून पाडून शेवटी पट्टाच संपला होता, आणि हे लेंगा घालून मुंबईला आले होते.

"अहो डॉक्टर, हे पीत नाहीत," मी म्हणाले.

"मग बिअर पोटात जाते कशी? चिकनमधून जाते, असं तुम्हीच आत्ता सांगितलंत ना?"

मीच सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, दिवसभरात तोंडात काय काय जातं ते सगळं सांगा, तर मी सगळं सांगितलं.

आमचं आग्रा रोडवर हॉटेल होतं. नाशिक मागं टाकून चांदवडच्या अंगाला निघालं की डाव्या हाताला. पुढं फॅमिली गार्डन, झोपाळे, कुंड्या, आणि मागं परमिट रूम. सासरची माणसं भाजीपाल्याची. पहाटे टोमॅटो, कोथिंबीर घेऊन मार्केटला जायचं आणि दुपारी परत यायचं एवढंच त्यांना ठाऊक. ह्यांना मात्र स्वयंपाकाचं वेड. रस्त्याच्या कडेला जमिनीचा तुकडा होता, तिथं त्यांनी हॉटेल काढलं. सगळे म्हणाले, बुडेल. बुडालं नाही, ते बिअरच्या चिकनमुळं.

त्याची सुरुवात अशी झाली. एकदा एका गिऱ्हाइकानं उघडलेली बाटली परत पाठवली, फेस नाही म्हणून. टाकून द्यायचं ह्यांच्या जिवावर आलं. मुरत ठेवलेल्या चिकनमध्ये ती ओतली आणि त्यातच ते शिजवलं. त्या दिवशी जे चिकन झालं, ते पुढं सटाणा-मालेगावचे कांद्याचे व्यापारी वाट वाकडी करून खायला यायला लागले. त्यात मेख एकच होती. बिअर आधी कडू लागते, मग शिजता शिजता कडूपणा मरतो आणि खमंगपणा येतो, आणि थोडं पुढं गेलं की नुसतं चिकट गोड होतं. मधला तो क्षण घड्याळात सापडत नाही. हे पळीभर रस्सा तळहातावर घ्यायचे, चाटायचे, थांबायचे, परत चाटायचे. प्रत्येक पातेल्याला. दोन आचारी होते, पण ह्या पातेल्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

आणि मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी ह्यांचं पोट बिघडलं ते सुधारेचना. जेवले की पोट फुगायचं, ताट ठेवून उठावं लागायचं. तोंड आलेलं असायचं. रक्त कमी, अंगात त्राण नाही. नाशिकच्या एका डॉक्टरांनी आव म्हणून औषधं दिली. दुसऱ्यांनी आतड्याचा टीबी ठरवला आणि गोळ्या सुरू केल्या. त्या गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, वजन उतरतच राहिलं. लोकांनी आपापलं ठरवूनच टाकलं होतं. परमिट रूमवाला आहे, पीतच असणार. पिऊन पिऊन लिव्हर गेलं. त्याच्याही पुढं कुजबुज गेली. हायवेवरचं हॉटेल, ट्रक थांबतात, त्या काळात त्या रोगाची सगळ्यांना धास्ती. माझी सख्खी नणंद आमच्याकडं आली आणि पाणी नको म्हणाली. मी पेला तिच्यासमोर आपटला. ह्यांनी तीही रक्ताची तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. तरी नणंद पाणी प्यायली नाहीच.

शेवटी मुंबईच्या ह्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला आणि सांगितलं, ह्यांना गहू चालत नाही. गव्हात एक चिकट द्रव्य असतं, ते ह्यांच्या आतड्याला सोलून काढतं. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, सगळं जन्मभर बंद. मी सुटकेचा निःश्वास सोडला. एवढंच ना? आमच्याकडं भाकरी काही नवी नव्हती.

माझ्या सासूबाईंना मात्र ते पटलं नाही. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. "गहू कधी कुणाला बाधला का?" त्या म्हणाल्या. "सगळं जग पोळी खातंय. लय शिकलेले डॉक्टर हाय, काही बी सांगतात." पण मुलाच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून घरातून गव्हाची कोठीच हलवली. थोडे दिवस बरं वाटलं. मग पहिले पाढे पंचावन्न. म्हणून परत मुंबई, आणि तिथं ही बिअर निघाली. बिअर जवाची असते, आणि जवातही तेच द्रव्य असतं.

हॉटेलात परतताना गाडीत हे एवढंच म्हणाले, "मग मी चव कशी बघू?"

तेव्हा मला कळलं नाही, पण तो आमचा खरा प्रश्न होता. चव न बघता हे चिकन करता येत नव्हतं, आणि ते चिकन बंद केलं तर हॉटेल म्हणजे चार झोपाळे उरत होते. आचाऱ्यांना करायला सांगितलं. कडूजहर पातेलं निघालं आणि ताटं तशीच परत आली. दुसऱ्या दिवशी हे मुकाट्यानं चुलीपाशी उभे राहिले आणि पळी तळहातावर ओतली. चाटून थुंकून टाकतो म्हणाले. मी बघत होते, अर्धी थुंकायचे आणि अर्धी गिळायचे. आचाऱ्याच्या जिभेला थुंकणं जमत नाही. मी सरळ पातेल्यावर झाकण घातलं आणि म्हटलं, "मी दुसरं काहीतरी शोधते. तोवर ह्याला हात लावाल तर मी माहेरी जाईन." माहेर दिंडोरीला, तासाभरावर, धमकी तशी फुसकीच होती. पण ह्यांनी पळी खाली ठेवली.

मग माझं सुरू झालं. सोडा घालून बघितला. मांस मऊ पडलं पण रस्सा पाण्यासारखा, त्याला अंगच नाही. ताक घातलं, ते फुटलं. उसाचा रस आणि व्हिनेगर घातलं, तर लग्नातल्या पंक्तीतल्या चटणीसारखं लागायला लागलं. भावाच्या बागेतली द्राक्षं वायनरीला जायची, त्याला सांगून लाल वाइनची बाटली मागवली. वाइनमध्ये जव नाही, गहू नाही, मला वाटलं सुटलो. चिकन जांभळं झालं. ह्यांनी पातेल्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "हे काय, चिकन रंगपंचमी खेळून आलंय का?" इतक्या महिन्यांनी ते पहिल्यांदा काहीतरी गमतीचं बोलले होते, म्हणून मी हसले. पण पातेलं कुत्र्यांना गेलं, आणि त्या कुत्र्यांनीही वास घेऊन जरा विचार केला.

पेठ-सुरगाण्याकडच्या बायका बाजारात नागली, म्हणजे नाचणी, घेऊन बसायच्या. मुलगी लहान असताना तिच्या सत्त्वासाठी मी नागलीला मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे. त्या दिवसांत एकदा पुन्हा तशीच मोड आलेली नागली भाजताना कढईतून जो वास आला, तो थेट परमिट रूमच्या मागं रचलेल्या बिअरच्या क्रेटचा होता. मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले. मग ती भरड दळली, पातळ शिजवली, गुळाचा खडा घातला आणि मडक्यात आंबायला ठेवली. आपली आंबीलच, पण ताक न घातलेली. बिअरचा कडूपणा हवा, म्हणून भाजलेली मेथी उकळून तिचं पाणी घातलं. वर फेस आला, रंग तांबूस झाला, आंबटसर खमंग वास सुटला. फडक्यातून गाळून मी ते हॉटेलात नेलं आणि एका पातेल्यात ओतलं.

ह्यांनी तळहातावर घेतलं. चाटलं. परत पळी बुडवून चाटलं. मग म्हणाले, "जवळ आलीस. मेथी जरा हात आखडून घाल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मेथी कमी केली, भट्टी जमली. ते चिकन गिऱ्हाइकांना वाढलं. सटाण्याचे एक नेहमीचे व्यापारी म्हणाले, आज काहीतरी निराळं लागतंय, आणि ताट चाटून पुसून उठले. मला वाटलं, आता हे वाचले. नागलीत ते द्रव्य नाही, हे मी डॉक्टरांना फोन करून विचारून घेतलं होतं. आता ह्यांच्या तोंडात वाईट असं काही जाणारच नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात हे कोसळले.

मोरीत गेले आणि बाहेर येईनात. मी दार ढकललं तर भिंतीला टेकून बसले होते, उठताच येत नव्हतं. मी काखेत हात घालून उचललं. एवढा उंचापुरा माणूस, आणि मला उचलता आला. मला तेव्हा जी भीती वाटली, ती पुन्हा कधी वाटू नये. त्यांना पलंगावर निजवलं आणि ते भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "ते तुझं मडकं टाकून दे. त्यानं जास्त झालं."

आत्याबाईही तेच म्हणाल्या. "दुखण्यात कुठं नवीन काही पोटात घालायचं असतं का?" मी मडकं मोरीत ओतलं. ओतताना मला राग आला होता, कुणावर ते मलाच कळत नव्हतं. ह्यांच्यावर, देवावर, त्या जवावर. सगळं सोडलं होतं या माणसानं. भाकरी, भात, वरण, ताक, एवढंच खात होता. अजून काय सोडायचं?

आत्याबाईंनी आपला उपाय आणखी वाढवला. त्यांचा एकच उपाय होता, पहिल्या दिवसापासूनचा: हिंग. पोट फुगलं की हिंग. ताकात चांगला सढळ हातानं हिंग घालून सकाळ-संध्याकाळ पेला भरून द्यायचा. वरणाला हिंगाची फोडणी. लहान मुलासारखा बेंबीभोवती हिंगाचा लेप. "हिंग पोटाला लय गुणाचा," त्या म्हणायच्या, आणि मुलगा पेला संपवेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. त्या म्हाताऱ्या बाईचं दुसरं काही चालत नव्हतं. पोट जास्त दुखलं की हिंग जास्त पडायचा. ह्यांना जेवणाची तर आता भीतीच बसली होती. ताट दिसलं की डोळे मिटायचे. मी भाताचे घास मोजून भरवायचे आणि ते उपकार केल्यासारखे गिळायचे.

परत डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पथ्य पाळत नाही आहात." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "डॉक्टर, माझ्या घरात गव्हाचा दाणा नाही. मुलगी शाळेत डब्याला भाकरी नेते, पोरी तिला हसतात. अजून काय पाळू?" त्यांनी जुना रिपोर्ट पुन्हा उघडला. मग हळू आवाजात म्हणाले, पथ्य पाळूनही आतडं भरून येत नसेल, तर दुसरं काही असू शकतं, आपल्याला पुन्हा तुकडा काढावा लागेल. दुसरं काय, हे मी विचारलं. त्यांनी तो शब्द इंग्रजीत उच्चारला, जणू इंग्रजीत तो कमी टोचतो. कॅन्सर. हे समोरच बसले होते. त्यांनी नुसती मान हलवली, पुढच्या महिन्याची तारीख घेतली, आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई म्हणाल्या, "लेप जरा कोमट कर. गार लेपानं काय गुण येणार?" मी मोठ्या पळीत पाणी घेतलं, त्यात हिंगाची पूड कालवली आणि गॅसवर धरली. फोन वाजला. हॉटेलातून होता, गॅसची टाकी संपली म्हणून. पळी शेगडीवर तशीच टेकवून मी बोलून आले, आणि येऊन बघते तर पळीत खळ झालेली.

खळ म्हणजे खळच. जून महिन्यात पुस्तकांना खाकी कव्हरं घालायला मैद्याची शिजवायचो तशी. घट्ट, पारदर्शक, वरून चकाकणारी. मी पळी तिरकी केली, थेंब पडेना. बोटावर घेतली, बोटं चिकटली. मी पेपरचा एक कोपरा फाडला, दुसरा फाडला, मध्ये ती लावली आणि दाबून धरली. चिकटले. ओढून बघितलं, कागद फाटला पण सुटला नाही.

मी ओट्याखाली फरशीवर बसले. सकाळचं ताक, संध्याकाळचं ताक, वरण, भाजी, आमटी. घरातून पोळी हाकलली, बिअर हाकलली, आणि हिंगाच्या ह्या पिवळ्या डबीतून चिमूट चिमूट मैदा आम्ही ह्यांच्या पोटात घालत होतो. औषध म्हणून घालत होतो. दुखलं की अजून घालत होतो. आणि ज्या आठवड्यात नागलीनं बिअर घालवली, त्याच आठवड्यात पोटात वात झाला म्हणून आत्याबाईंनी हिंग दुप्पट केला होता.

किराणावाल्याला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, निव्वळ हिंग कोण खाणार? डोळ्यांतून पाणी येईल. गव्हाच्या पिठात मुरवलेलाच असतो तो. सगळ्यांनाच माहीत आहे." सगळ्यांनाच माहीत होतं म्हणे. मला नव्हतं, डॉक्टरांना नव्हतं.

मी ह्यांच्या पलंगापाशी गेले, पेपरचे चिकटलेले तुकडे हातात दिले आणि सांगितलं. त्यांनी ते तुकडे ओढून बघितले. मग पहिलं वाक्य काय बोलले असतील? "आईला सांगू नको."

मी भडकलेच. "तुमचा जीव जायची वेळ आली, आणि तुम्हाला आईच्या मनाचं पडलंय?"

"तिला कळलं तर ती जेवायची थांबेल," हे म्हणाले. "मग दोघांना घेऊन कुठं कुठं फिरशील?"

जुन्या नाशकात काष्ठौषधींच्या दुकानातून मी खडा हिंग आणला. दार लावून तो कुटला, तांदळाच्या पिठात मिसळला आणि त्याच पिवळ्या डबीत भरून ठेवला. आत्याबाई त्यातूनच चिमटीनं काढून ताकात घालत राहिल्या. वास जरा उग्र लागतो म्हणाल्या. मी म्हटलं, नवीन डबी आहे.

एका दिवसात काही झालं नाही. मी रोज सकाळी ह्यांच्या तोंडाकडं बघायचे आणि काही कळायचं नाही. मनात म्हणायचे, आता हेही नसेल, आता ते दुसरंच असेल, तो इंग्रजी शब्द. तारीख जवळ येत होती. मग एकदा तोंडातले फोड गेले. मग एक आख्खी दुपार हे उठून मोरीकडं गेले नाहीत. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आतून बघितलं आणि म्हणाले, भरून येतंय. त्या दिवशीसुद्धा मी हसले नाही. मला भरवसाच उरला नव्हता.

आत्याबाई मात्र आल्या-गेल्याला सांगत सुटल्या. "मुंबईच्या डॉक्टरांचं काय खरं नाय. माझ्या हिंगानं उठला माझा लेक." हे त्यांच्याकडं बघून मान डोलवायचे. मी आत स्वयंपाकघरात भांडी आपटायचे. आत्याबाई गेल्या त्या हे समाधान घेऊनच गेल्या, आणि आता मला वाटतं, बरं झालं.

मी नागली परत भिजत घातली, कुणाला न विचारता. मोड आले, भाजली, मडक्यात आंबली. हे पुन्हा हॉटेलात यायला लागले होते, पण चुलीपाशी जायचे नाहीत, गल्ल्यावर बसून राहायचे. त्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी स्वतः पातेलं चढवलं आणि फेसाळलेलं पाणी त्यात ओतलं. थोड्या वेळानं हे मागं येऊन उभे राहिले. मी पळी पुढं केली.

त्यांनी तळहातावर घेतलं, चाटलं, थांबले. पुन्हा घेतलं.

"ही बिअर नाही," ते म्हणाले.

"मला ठाऊक आहे."

"लोकांना कळेल."

"कळू दे. विचारलं तर सांगायला तुम्ही असाल ना."

त्यांनी आच कमी केली. पातेल्यावर झाकण ठेवलं, परत काढलं, चिकनचा एक तुकडा वाटीत घेतला आणि उभ्या उभ्याच खाल्ला. थुंकला नाही. दुसरा घेतला. मग हात पुसत इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाले, "भाकरी आहे का गं? भूक लागली."

भूक लागली, हे शब्द मी त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकले, मला सांगता येणार नाही. भाकरी नव्हती. मी परात ओढली, बाजरीचं पीठ घेतलं, आणि डोळे भरून आल्यामुळं पाणी किती ओतलं तेच दिसलं नाही. पीठ सैल झालं, भाकरी थापताना फाटली, तशीच तव्यावर टाकली. त्यांनी ती फाटकी भाकरी रश्श्यात कुस्करून खाल्ली आणि दुसरी मागितली.